मेंदूचं गणित आणि हाताने फिरवायचं यंत्र

गैरसमज : मेंदूचा अभ्यास संगणकावर होतो, म्हणजे मेंदू हा संगणकच.
वस्तुस्थिती : पावसाचा अंदाजही संगणकच वर्तवतो, म्हणून ढगाला कोणी संगणक म्हणत नाही.

गैरसमज : या कामाला महासंगणक लागतोच.
वस्तुस्थिती : या विषयातलं सर्वात गाजलेलं गणित दांडा फिरवून सुटलं. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर स्क्विडचा, म्हणजे आपल्या म्हाकुळाच्या गोत्रातल्या जिवाचा, चेतातंतू अभ्यासाला घेतला. तो जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे आत बारीक तार सरकवता येते. सोडियम आत शिरतं, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं आणि विजेची लाट पुढे सरकते. या ये-जा करणाऱ्या प्रवाहांची त्यांनी समीकरणं मांडली. नेमका तेव्हाच केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सली हातयंत्रावर आकडेमोड करत बसले. लाटेचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्षात मोजलेला होता २१.२. १९५२ साली हे काम प्रसिद्ध झालं, १९६३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

गैरसमज : गणित फक्त मोजमापांचा हिशेब ठेवतं, नवं काही सांगत नाही.
वस्तुस्थिती : हॉजकिन-हक्सलींच्या याच समीकरणांत पोटॅशियमच्या प्रवाहासाठीचा आकडा चौथ्या घाताला नेला, तेव्हा तो मोजमापांशी जुळला. जणू चार स्वतंत्र कड्या एकाच वेळी निघाल्याशिवाय पोटॅशियमचं दार उघडत नसावं. असं दार तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि या चित्रावर फार भिस्त ठेवू नका असं त्या दोघांनीच बजावलं होतं. अशा एका दारातून, म्हणजे वाहिनीतून, वाहणारा प्रवाह नेहर आणि साकमन या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये टिपला. पोटॅशियमची वाहिनी खरोखरच चार घटकांची असते, हे त्याहूनही नंतर कळलं. गणिताची खरी कमाई मला इथे दिसते.

गैरसमज : सगळ्या जोडण्यांचा नकाशा काढला की मेंदू उलगडला.
वस्तुस्थिती : सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच छापून आला. तरीही कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. कोणती जोडणी किती जोरकस, हे त्यात नाही. आणि पेशी जोडणीवाचूनही रसायनं सोडून एकमेकींना संदेश देतात. त्या बिनतारी संदेशांचा वेगळा नकाशा यायला २०२३ साल उजाडलं.