हा दात कुणाचा? ओळख पाहू!

दोस्ता, अमेरिकेतल्या मेरीलंड राज्यात खाडीकाठी उंच कडे आहेत. नाव कॅल्व्हर्ट क्लिफ्स. पावसाने, लाटांनी ते ढासळतात आणि खालच्या वाळूत काय येऊन पडतं, सांग बरं? शार्कचे दात! तेही एक-दोन कोटी वर्षांपूर्वीचे!

दातच का? हाडं का नाहीत? कारण शार्कला हाडं नसतातच मुळी! जरा आपला कान वाकवून बघ. वाकला ना? कानात असते ती कूर्चा. शार्कचा अख्खा सांगाडा तिचाच! ती कुजून जाते, टणक दात उरतात. आणि उरतात तरी किती! शार्कचे दात जन्मभर पडतात, जन्मभर नवे येतात. एकाच शार्कचे हजारो दात!

समज, तुला असा एक दात मिळाला. काळाकुट्ट. कुणाचा असेल?

रंगाला भुलू नकोस हं! मुळात तो पांढराच होता. मातीतले क्षार मुरत गेले नि काळा पडला.

आकारालाही भुलू नकोस. मेगॅलोडॉन या महाकाय शार्कचा मोठ्यात मोठा दात कंपासपेटीतल्या 15 सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षाही लांब! पण मेगॅलोडॉनलाही पिल्लं व्हायचीच ना? त्यांचे दात चिमुकलेच!

मग? दाताच्या कडेवरून अलगद नख फिरव. बारीक, एकसारखी खरखर लागली? मेगॅलोडॉन असू शकेल! मग दाताचं मूळ आणि वरचा चकचकीत भाग यांच्यामध्ये बघ. तिथे गडद पट्टा दिसला, तर खात्री आणखी वाढली! पट्टा नाही आणि कड ओबडधोबड करवतीसारखी? मग बहुधा पांढरा शार्क. आणि कड अगदी गुळगुळीत? माको शार्क असेल!

आता खरी गंमत ऐक. पूर्वी अनेकांना वाटायचं, मेगॅलोडॉन म्हणजे पांढऱ्या शार्कचा पूर्वज. दोघांच्याही दातांना करवत ना!

पण पेरू देशात एका शार्कचा जबडा सापडला. त्यात 222 दात! आणि त्यांच्या कडा? धड गुळगुळीत नाहीत, धड करवतीही नाहीत. करवत नुकती कुठे फुटायला लागलेली! 2012 साली शास्त्रज्ञांनी या शार्कला नाव दिलं, कार्कॅरोडॉन हबेली. हाच गुळगुळीत दातांचे जुने शार्क आणि आजचा पांढरा शार्क यांच्यामधला दुवा!

म्हणजे पांढऱ्या शार्कचे पूर्वज निघाले गुळगुळीत दातांचे! मेगॅलोडॉनचं घराणं वेगळं, पांढऱ्या शार्कचं वेगळं. आणि दोन्ही घराण्यांत दातांना करवत फुटली, ती आपापली!