घरगुती प्रक्षेपकास संगणकाची जोड

दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील द्वारका ही वसाहत म्हणजे बहुमजली इमारतींची दाटी होय. अशा इमारतीत राहणाऱ्या हौशी रेडिओप्रेमीची अडचण वाचकांच्या सहज ध्यानात येईल. उंच आकाशक, म्हणजे अँटेना, उभारण्यास जागा नसते आणि भोवतालच्या विद्युत् उपकरणांचा गोंगाट तर अखंड चालू असतो. घरी बांधलेल्या लहान प्रक्षेपकाचा क्षीण संदेश त्यात बुडून जावयाचा.

या अडचणीवर गणिताने तोड काढली आहे. १९९३ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन फ्रँक यांनी २०१७ मध्ये 'एफटी-८' ही संदेशपद्धती प्रसृत केली. तिच्यात मोजक्या अक्षरांचा संदेश १५ सेकंदांच्या पाळीत पाठविला जातो व त्याची रुंदी केवळ ५० हर्ट्झ असते. कानाला मुळीच न उमगणारा संदेशही संगणक त्या गोंगाटातून वेचून काढतो.

मात्र त्यासाठी दोन गोष्टी काटेकोर हव्यात. पहिली वेळ. भारतीय प्रमाणवेळ जपणारी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा दिल्लीतच आहे व इंटरनेटद्वारे तिच्या घड्याळाशी संगणकाचे घड्याळ जुळविता येते. दुसरी गोष्ट कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या. जुन्या प्रक्षेपकातील वेटोळे व धारित्र तापले की कंप्रता हळूहळू सरकत असे. आता ते काम क्वार्ट्झ स्फटिकाच्या आधारे चालणारी 'एसआय-५३५१' ही नखाएवढी चकती करते व 'आर्डुइनो' हा छोटा संगणक तिला आज्ञा देतो. हैदराबादचे अशर फरहान यांच्या 'मायक्रोबिटएक्स' या संचात हीच जोडी आहे. स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक असली, तर १४ मेगाहर्ट्झवर ती २८० हर्ट्झ होते. ही चूक स्थिर असल्यास मोजून वजा करता येते. म्हणून नव्या नियंत्रकाचे मापन आधी करून घ्यावे.

आता मोठा संगणक आणि हा नियंत्रक यांनी परस्परांशी बोलावे कसे? त्यांना एक सामाईक भाषा हवी. नवी भाषा रचण्यापेक्षा प्रचलित भाषा उचलणे सोयीचे, म्हणून पुष्कळ घरगुती नियंत्रक याएसू कंपनीच्या 'एफटी-८१७' या यंत्राची नक्कल करतात. संगणक तारेतून पाच अंकजोड्या धाडतो: ०१ ४० ७४ ०० ०१. पहिल्या चार जोड्यांत १४.०७४ मेगाहर्ट्झ ही कंप्रता १० हर्ट्झच्या पायरीने मांडलेली असते. शेवटची जोडी 'ही कंप्रता लाव' असे सांगते. शेवटी ०३ आल्यास नियंत्रकाने चालू कंप्रता कळवावयाची असते. ०८ म्हणजे प्रक्षेपण सुरू आणि ८८ म्हणजे बंद.

खरा धोका येथेच आहे. ०८ पोहोचला आणि ८८ वाटेत हरवला, तर प्रक्षेपक आपल्या आपण बोलतच राहील. त्याचे भाग जळतील आणि दुसऱ्यांची वाट अडेल. प्रक्षेपकाची शक्ती जवळच्या तारेत शिरली, तर आज्ञा अशा बिघडू शकतात. तारेभोवती फेराइटचे कडे बसविल्याने हा उपद्रव कमी होतो. शिवाय अनेक आर्डुइनो संगणकाने संपर्क साधताच पुन्हा प्रारंभापासून सुरू होतात. तोवर आलेली आज्ञा वाया जाते.

म्हणून मर्यादा संगणकात नव्हे, नियंत्रकातच घालाव्यात. १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्याबाहेरची आज्ञा त्याने नाकारावी आणि २० सेकंदांहून अधिक काळ प्रक्षेपण चालू राहिल्यास ते स्वतःच तोडावे. आज्ञा संगणकाने दिली, तरी प्रक्षेपणाची जबाबदारी दूरसंचार विभागाचा परवाना ज्याच्या नावे आहे त्याचीच राहते.

या साऱ्याची परीक्षा आकाशक जोडण्यापूर्वीच घ्यावी. त्याच्या जागी योग्य शक्तीचा ५० ओहमचा रोध लावावा, संगणकाकडून प्रक्षेपण सुरू करवावे आणि मध्येच संगणकाची तार उपटावी. नियंत्रकाला वीज वेगळीकडून मिळत असावी, नाहीतर तारेबरोबर तोही बंद पडेल आणि परीक्षा फोल ठरेल. विसाव्या सेकंदास प्रक्षेपक गप्प झाला, तरच त्याला आकाशक जोडावा.