कातडं, चिठ्ठी आणि गाव : नॉर्मन किनिअर यांची कारकीर्द

लंडनच्या संग्रहालयाच्या संचालकाचं जुन्नर-आंबेगावला काय काम, असं काहींना वाटलं असेल. किनिअर या डोंगरांत हिंडले, असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांनी जन्मभर जे एक काम केलं, त्याचं मोल आपल्या भागाला चांगलंच कळलेलं आहे. म्हणून सुरुवात इथूनच करू.

जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख तुम्ही पाहिले असतील. कुणी दान दिलं, तो कुठला, काय दिलं, लेणं की पाण्याची पोढी, एवढंच त्यात असतं. तेवढ्यावरून दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपल्याला कळतात. कर्नल साइक्स यांनी यांतले काही लेख उतरवून घेतले आणि ते १८३७ साली छापले. हेच साइक्स प्राण्यांचेही अभ्यासक होते. १८३१ साली त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. आहुपे-भीमाशंकरच्या रानात दिसणाऱ्या शेकराला त्यांनी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. कोळसुंद्याच्या नावात मात्र ‘दख्खन’ घातलं.

नाव दिलं, पण पुढे काय? एक-दोन कातड्यांवरून प्राणी कळत नाही. घाटमाथ्यावरचं शेकरू आणि दक्षिणेतलं शेकरू यांच्या रंगांत फरक असतो. तो नेमका कुठे बदलतो हे सांगायचं तर निरनिराळ्या ठिकाणचे पुष्कळ नमुने लागतात, आणि प्रत्येकाचं गाव नक्की माहीत असावं लागतं.

इथे किनिअर येतात. नॉर्मन बॉइड किनिअर यांचा जन्म १८८२ सालचा, माणूस स्कॉटलंडचा. एडिंबरोच्या संग्रहालयात काम शिकून १९०७ साली ते मुंबईला आले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली हौशी मंडळींनी काढलेली. तिचे क्युरेटर म्हणून किनिअर यांनी काम पाहिलं. १९११ साली सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली. ती उभी करण्यात सचिव मिलर्ड यांच्याबरोबर किनिअर यांचाही हात होता. पाहणीचा पहिला संग्रह आपल्या खानदेशातला, क्रंप नावाच्या संग्राहकाने जमवलेला.

हे काम कसं चालतं, बघा. प्राणी हाती आला की आधी मापं घ्यायची : शेपूट, मागचा पाय, कान. मग कातडं सोलायचं, कीड लागू नये म्हणून आतून औषध चोळायचं, कापूस भरायचा. कवटी साफ करून वेगळी ठेवायची, दोघांना एकच क्रमांक द्यायचा. शेवटी पायाला चिठ्ठी बांधायची. ठिकाण, तारीख, नर की मादी, गोळा करणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी हरवली की उरतं नुसतं कातडं. शास्त्राला त्याचा फारसा उपयोग नाही.

हे काम बघायला १९०८ साली एक शाळकरी मुलगा सोसायटीत आला. त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्याला पिवळा ठिपका होता, ती कुठली हे त्याला हवं होतं. मिलर्ड यांनी त्याची किनिअर यांच्याशी ओळख करून दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे किनिअर लंडनला गेले, तरी तिथून त्यांना मदत करत राहिले.

१९२० साली किनिअर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये दाखल झाले. पाहणीतले नमुने ओळख पटवायला तिथेच जात होते. पूर्व घाटातल्या पाहणीच्या पक्ष्यांवर त्यांनी व्हिसलर यांच्याबरोबर लिहिलं. १९४५ साली ते प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९४७ ते १९५० संपूर्ण संग्रहालयाचे संचालक होते. १९५७ साली ते वारले.

या कामात एक उणीव होती, तीही सांगायला हवी. चिठ्ठीवर संग्राहकाचं नाव असे. पण वाट दाखवणारा, शेकराचं घरटं कुठल्या झाडावर हे सांगणारा गावकरी तिथे बहुधा नसे. ज्याला रान ठाऊक, त्याचंच नाव नोंदीतून गळालं.

आता आपल्या काळाकडे येऊ. जुन्नर वनविभागात उसातले बिबटे पकडून लांबच्या रानात सोडायचा मोठा प्रयोग २००१ पासून झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी जुळवून पाहिल्या. २९ बिबटे हलवले गेले होते. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ झाले. बिबट्या कुठून उचलला, कधी, कुठे सोडला, याच्या नोंदी होत्या म्हणून हे कळलं. नसत्या, तर ‘बिबटे वाढले’ एवढंच म्हणत आपण आणखी पिंजरे लावले असते. पुढे बिबट्यांच्या कातडीखाली चिप बसवायला लागले. तीही एक चिठ्ठीच. फरक इतकाच, की प्राणी जिवंत आहे.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. गोठ्यात शेळी गेली, बांधावर ठसे दिसले, राईत शेकराचं घरटं दिसलं, तर तारीख आणि जागा वहीत लिहा. शेताचं, ओढ्याचं, वस्तीचं नेमकं नाव लिहा. आणि खाली स्वतःचं नाव घाला. लेण्यांत दान देणाऱ्यांनी घातलंय, तुम्हीही घाला.