सव्वा महिन्यानंतरचा थायरॉइड

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाची काळजी थेट बाळंतिणीच्या घरी नेली. पुढे २०११ मध्ये ती देशाची योजना झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई घरी येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. सव्वा महिना सरला की बाई पुन्हा चुलीपाशी, धानाच्या बांधीत, मोहाच्या दिवसांत जंगलात. थायरॉइड बिघडतो तो बहुधा यानंतरच.

गरोदरपणात मवाळ झालेली प्रतिकारशक्ती बाळंतपणानंतर पुन्हा जोर धरते. शंभरातल्या साधारण पाच जणींत ती गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवरच उलटते. ग्रंथी सुजते, तिच्यातला साठवलेला हार्मोन रक्तात झिरपतो. मग छातीत धडधड, हातांना कंप, चिडचिड, झोप नाही. साठा सरला की चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास उलटा प्रकार: अंग जड, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, मन कशातच लागत नाही. सगळ्याच जणींत दोन्ही टप्पे दिसत नाहीत. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते. काहींना गोळी कायमची लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीत रक्तक्षय आणि सिकलसेल घरोघरी माहीत आहेत, त्यामुळे थकवा त्यांच्याच नावावर जातो. रक्ताची टीएसएच तपासणी हे कोडं सोडवते. हार्मोन कमी पडला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. पहिल्या टप्प्यात मात्र तो उतरलेला असतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. हार्मोन कमी असेल आणि डॉक्टरांनी थायरॉक्सिन दिलं, तर ते सकाळी उपाशीपोटी घ्यायचं. अंगावर पाजतानाही चालतं. बाळंतिणीला मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

टीएसएच बरोबर आला म्हणून उदासी खोटी ठरत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य थायरॉइडशिवायही येतं, कधी दोन्ही सोबत असतात. तेव्हा उपचारही दोन्हींवर हवेत. दोन आठवडे रडू, निराशा हटत नसेल तर दवाखाना गाठावा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटला, बाळाला इजा करावीशी वाटली, तर बाईला एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं.

तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात आशाताई बाळाचं वजन, खाणंपिणं बघायला पुन्हा येते. थायरॉइड बिघडण्याचे महिने नेमके हेच. त्या भेटीत आईची झोप, धडधड आणि मन यांचीही विचारपूस व्हावी. आशाताईने विचारलं नाही, तर आईने आपणहून सांगावं.