चहाचा चोथा आणि काळी माती

कॉफीच्या चोथ्याने बाग फुलते असं सांगणारे आता गल्लोगल्ली झालेत. लातूरजवळच्या आमच्या मुरुडात मात्र कॉफी म्हणजे दुधात विरघळणारी पुडी. कप रिकामा झाला की मागे काही उरत नाही. इथे उरतो तो चहाचा चोथा, आणि तोही बक्कळ. बसस्टँडजवळच्या टपऱ्यांवर सकाळपासून पातेल्यांमागून पातेली उतरतात, फडकं पिळलं जातं आणि चोथा जुन्या तेलाच्या डब्यात आपटला जातो.

मी डबा मागितला तेव्हा टपरीवाल्या मामांनी आधी मला नीट न्याहाळलं. "कशाला लागायलाय तुम्हाला? वाळवून इकायचा तर इचार न्हाई ना?" शंका गैर नव्हती. वापरलेली पत्ती वाळवून, रंग लावून पुन्हा खपवणं ही जुनीच भेसळ; ओल्या टिपकागदावर अशी पत्ती भुरभुरली की रंगाचे डाग उमटतात. झाडांना घालायचाय म्हटल्यावर मामा हसले. "न्या की मग. न्हाई तर नालीतच जायलाय."

टपरीच्या चोथ्यात नुसती पत्ती नसते. दूध, साखर, आल्याचे तंतू, वेलदोड्याची टरफलं, सगळं असतं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याला आंबूस वास सुटतो. तसाच कुंडीत टाकला की आधी मुंग्या येतात, मग चिलटं, आणि शेवटी पांढऱ्या बुरशीचा असा थर धरतो की पाणी वरूनच ओघळून जातं. 'चहापत्ती घाला' म्हणणाऱ्यांच्या सल्ल्यातून धुण्याची गोष्ट नेमकी गळालेली असते.

धुताना पहिलं पाणी गढूळ, दुधाळ निघतं आणि वर सायीचा पुसट तवंग दिसतो. दुसरं पाणी नितळ तांबूस. मूठभर चोथा पिळला आणि बोटांना चिकटला नाही, की झालं. हे पाणी मी कुंडीत घालत नाही, अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात ओततो. फेकायचा तर प्रश्नच नाही. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आमच्याच स्टेशनवरून गेली. त्यानंतर बादलीभर पाणी नालीत सोडायला हात धजत नाही.

मग धुतलेला चोथा गोणपाटावर पातळ पसरून गच्चीवर. मे महिन्यातलं ऊन असलं की संध्याकाळी तो हातात खुळखुळतो. आपल्या चहाची पत्ती सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, वळवलेली. पान असं बारीक झालेलं असल्यामुळे चहा झटकन रंग सोडतो आणि चोथाही अख्ख्या पानापेक्षा लवकर कुजतो.

चोथ्याने जमीन आम्लधर्मी होते, म्हणून गुलाबाला घाला, असं ठासून सांगितलं जातं. आमच्या काळ्या मातीत ते फारसं चालत नाही. या मातीत चुनखडी असते; ओंजळभर चोथ्याची आंबटाई ती सहज पचवते. चोथ्याचा खरा उपयोग दुसराच. ही माती पावसात चिखलाचा गोळा होते आणि उन्हाळ्यात तडकते. कुजलेला चोथा मिसळला की ती मोकळी होते, मुळांना हवा मिळते.

पण 'कुजलेला' हा शब्द सोडू नये. कच्चा चोथा कुजवताना जिवाणू आधी मातीतलंच नत्र ओढतात आणि रोप पिवळं पडतं. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१६ साली कॉफीचा ताजा चोथा थेट मातीत घालून पाहिला, तर ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशा सगळ्यांचीच वाढ खुंटली. म्हणून मी फुटक्या रांजणात एक थर चोथ्याचा, दोन थर वाळल्या पाल्याचे, मध्ये मूठभर जुनी माती असं रचतो. अधूनमधून पाणी शिंपडून काठीने ढवळायचं. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली, पाला वाढवायचा. मातीचा वास येऊ लागला की काढायचं.

घरातल्या उपयोगांपैकी एकच मला पटला: कोरड्या चोथ्याची पुरचुंडी चपलांच्या कपाटात ठेवली की कुबट वास कमी होतो. काचा पुसण्याच्या वाटेला जाऊ नये. पांढऱ्या फरशीवर ओघळलेला डाग घासत बसावं लागतं.

तयार खत मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला, चौपट मातीत मिसळून. चाळताना आल्याचे तंतू मात्र जसेच्या तसे वर राहतात. ते पुन्हा रांजणात.