थंडीनंतर करपलेला ऊस : आधी पाहणी, मग फवारणी



संक्रांत झाली की आमच्या गट ऑफिसात एकच तक्रार सुरू होते. "साहेब, ऊस करपला, औषध कोणतं मारू?" कोणी त्याच दिवशी बुरशीनाशक आणतो, कोणी युरियाची पोती फोडतो, तर कोणी पाळी सोडून तोड मागतो. कारण न समजता केलेला खर्च बहुधा वाया जातो आणि खरे दुखणे तसेच राहते. म्हणून बांधावरच कारण कसे ओळखावे, ते येथे देत आहोत.

उसाला साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा २० च्या खाली गेला की वाढ मंदावते आणि १० च्या आसपास ती जवळजवळ थांबते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीनंतर ऊस थोडा फिका दिसला तर लगेच घाबरू नये.

कोणते पान बिघडले? तोडीला आलेल्या उसाची बुडाची पाने वाळणे हा रोग नव्हे, ते पाचट आहे. खालच्या जुन्या पानांचे शेंडे व कडा जळाल्या असतील आणि मधली शीर वरच्या बाजूने तांबूस असेल, तर पालाश कमी पडला समजावे. खालची पाने सबंध फिकी असतील तर नत्र कमी आहे. याउलट कोवळी पाने पिवळी-पांढरी पण शिरा हिरव्या, असे असेल तर लोह कमी आहे. चुनखडीच्या रानातल्या खोडव्यात हे नेहमी दिसते. पानावरचे तपकिरी ठिपके बोटाने चोळल्यावर तांबडी भुकटी लागली, तर तो तांबेरा. बुरशीनाशकाचा विचार तेव्हाच करावा.

थंडीची खूण. पोंग्यात असताना पानाचा जो भाग थंडीत सापडतो, तेथे आडवा पांढुरका पट्टा पडतो. शेजारच्या बहुतेक उसांवर तो साधारण एकाच उंचीवर दिसतो. पुढची पाने हिरवी निघाली की समजावे, ऊस सावरला. त्यासाठी औषधाला एक पैसाही घालू नये.

रानात कुठे बिघडले? सखल भागात, ओढ्याकाठी थंड हवा साचते, तेथे थंडीचा मार जास्त बसतो. पण सखलातच मातीवर पांढरा थर असेल व पानांच्या कडा जळत असतील, तर ती जमीन खारवट होत चालली आहे. तेथे पाणी वाढवले तर दुखणे वाढेल. माती तपासावी, निचऱ्याचे चर काढावेत. पाने दुपारी गुंडाळून सकाळी उलगडत असतील, तर ऊस तहानलेला आहे. एखादेच बेट वाळून हिसका देताच उपटून आले, तर मुळाशी हुमणी शोधावी.

शेवटी कोयता घ्या. चार-पाच ठिकाणचे ऊस उभे चिरून पाहावेत. शेंड्यातला कोंब पांढरा व टणक असेल तर ऊस जिवंत आहे. कोंब तपकिरी होऊन कुजला असेल, तर त्या उसाची वाढ संपली. पुढे पांगशा फुटतात, वजन व उतारा दोन्ही घटतात. असा प्लॉट शेतकी विभागाला लगेच दाखवावा, कारण पाळीपूर्वी तोडीची खरी गरज त्यालाच असते. कांड्यात लाल गर, त्यात आडवे पांढरे डाग आणि आंबूस वास आढळला, तर तो लाल कूज रोग आहे. त्या प्लॉटचे बेणे घेऊ नये आणि खोडवाही ठेवू नये.

उपाय थोडक्यात. थंडीच्या लाटेत जमीन ओली ठेवावी, शक्य असेल तेथे रात्री हलके पाणी द्यावे. ओली जमीन कोरडीपेक्षा उशिरा गार पडते. लोह कमी असेल तर एकरी १० किलो हिराकस शेणखतात मिसळून, पाच-सहा दिवस मुरवून सरीत द्यावे. पालाशची मात्रा माती परीक्षण पाहूनच ठरवावी.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर चांगला व बिघडलेला असे दोन्ही ऊस मुळासकट उपटून गट ऑफिसात आणावेत. नुसते वाळके पान आणले, तर आम्हालाही अंदाजच बांधावा लागतो. सोबत लागणीची तारीख, जात, दिलेले खत आणि शेवटच्या पाण्याचा दिवस एका चिठ्ठीवर लिहून आणावा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग