इसबगोल पोटात गेल्यावर

चमचाभर इसबगोलाची भुशी पेलाभर पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटं ठेवून बघा. पाणी दाट, बुळबुळीत होतं. आतड्यातही तेच होतं: भुशी पाणी धरून ठेवते, मल मऊ होतो आणि पुढे सरकतो.

याचा परिणाम मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंवरही होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बद्धकोष्ठाच्या रुग्णांना आठवडाभर इसबगोल दिलं. मलातलं पाणी वाढलं आणि फिकॅलिबॅक्टेरियमसारखे, ब्युटिरेट बनवणारे जिवाणूही वाढले. ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. निरोगी लोकांत मात्र फरक किरकोळच दिसला. मला हीच गोष्ट फार बोलकी वाटते. इसबगोल जिवाणूंना फारसं पचत नाही. मग कोरड्या पडलेल्या आतड्यात आलेला ओलावाच बहुधा त्यांना मानवत असावा.

कांदा-लसणात असणाऱ्या इन्युलिन या तंतुमय घटकाचं तसं नाही. जिवाणू ते झटपट फस्त करतात. बिफिडोबॅक्टेरिया वाढतात, पण पोटात गॅसही धरतो.

भुशी कोरडी कधीही गिळू नका, घशात अडकते. शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.